ताऱ्यांचा उजेड आणि उसना डोळा

हौशी आकाशनिरीक्षकांच्या जगात एक वाद बराच काळ धुमसत आहे. दुर्बिणीच्या नेत्रिकेच्या जागी नाइट व्हिजनची नळी बसवली आणि तिच्यातून एखादा तेजोमेघ पाहिला, तर त्याला 'पाहणे' म्हणावे की नाही? जुन्या वळणाच्या निरीक्षकांचे म्हणणे असे, की तेजोमेघातून निघालेला प्रकाशकण दीड हजार वर्षे प्रवास करून थेट आपल्या दृष्टिपटलावर विसावतो, यातच या छंदाचे सारे सुख आहे. मध्ये एक हिरवा पडदा आणला की उरतो तो निव्वळ दूरचित्रवाणीचा कार्यक्रम. नळीच्या बाजूचे लोक उत्तर देतात की चश्मा, भिंग आणि आरसा चालत असेल तर नळीनेच काय घोडे मारले?

हा वाद आवडीनिवडीचा आहे, असे समजून सोडून देता येईल. परंतु आम्हांस तो इतिहासाचा वाटतो. कारण ज्या नळीविषयी आज हौशी मंडळी भांडत आहेत, तिच्यासमोर व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ सत्तर वर्षांपूर्वीच येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिचे काय केले, तिला कोणते प्रश्न विचारले, आणि ती नळी त्यांच्या हाती आली कोणत्या वाटेने, हे पाहिल्याखेरीज या भांडणाचा निकाल लावणे योग्य होणार नाही.

प्रथम डोळ्याची बाजू समजून घेऊ. मानवी डोळा हे काही दुबळे यंत्र नव्हे. १९४२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हेक्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला. अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्याला प्रकाशाची जाणीव होण्यास किती प्रकाशकण पुरतात, हे त्यांना मोजायचे होते. उत्तर आले ते थक्क करणारे होते: दृष्टिपटलातील दंडपेशींनी अवघे पाच ते चौदा प्रकाशकण शोषले तरी पुरे. मात्र डोळ्यात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे त्याला साठवण ठाऊक नाही; सेकंदाच्या एका अंशात जे आले तेवढेच त्याचे, मागचे सारे पुसले जाते. आणि दुसरी म्हणजे अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असतात. तेजोमेघांतील हायड्रोजन वायू ज्या ६५६ नॅनोमीटरच्या गडद लाल रेषेत प्रामुख्याने झळकतो, ती रेषा त्यांच्या खिजगणतीतही नसते. दुर्बिणीतून आपणांस मृगातला तेजोमेघ हिरवट-राखाडी दिसतो, तो मुख्यतः त्याच्यातील ऑक्सिजनच्या प्रकाशामुळे. म्हणजे आकाशातील बऱ्याच मोठ्या भागाशी आपल्या डोळ्याची ओळखच नाही.

ही उणीव छायाचित्रणाने उघडी पाडली. १८८० साली हेन्री ड्रेपर याने मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू एन्स्ली कॉमन याने त्याच तेजोमेघाचे असे छायाचित्र घेतले, की त्यात डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले. पाच वर्षांनी, १८८८ साली, हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग यांना एका काचेवर अश्वशीर्षाची काळी आकृती आढळली. त्यापूर्वी मोठमोठ्या दुर्बिणींतून मृग नक्षत्र न्याहाळणाऱ्या पिढ्यांच्या नजरेतून ती निसटली होती. येथून पुढे वेधशाळेत डोळ्याचे स्थान खालावत गेले. दुर्बिणीला टेकलेला खगोलशास्त्रज्ञ आता पाहण्यासाठी नव्हे, तर काच उघडी असताना दुर्बीण हलू नये म्हणून राखण करण्यासाठी बसू लागला. साक्ष काच देणार, माणूस ती नंतर वाचणार.

परंतु काचेलाही तिची मर्यादा होती. ती चिकाटीची होती, पण उधळी होती. तिच्यावर पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी जेमतेम एखादाच नोंदला जाई; बाकीचे वाया जात. दूरच्या दीर्घिकेच्या कडेचा वर्णपट घ्यायचा तर एकच काच कित्येक रात्री पुन्हापुन्हा उघडावी लागे. दुर्बीण आणखी मोठी करावी, तर पैसा आणि पोलाद यांना अंत नाही. म्हणून काही लोकांनी प्रश्न उलटा केला: आलेला प्रकाश वाया न घालवता त्यालाच मोठा करता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर प्रकाशविद्युत परिणामात दडलेले होते. विशिष्ट धातूंच्या पातळ थरावर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळले होते, आणि १९०५ साली आइन्स्टाइनने त्याची उपपत्ती दिली होती. प्रकाशकणाला खेचता, ढकलता येत नाही, इलेक्ट्रॉनला येते. तेव्हा प्रकाशाचे इलेक्ट्रॉनांत रूपांतर करावे, काही हजार व्होल्टच्या दाबाने त्यांना निर्वातातून पळवावे आणि चकाकणाऱ्या पडद्यावर आदळू द्यावे. पडद्यावर मूळ चित्राची अधिक तेजस्वी प्रत उमटेल. इमेज ट्यूबचे सारे मर्म एवढेच आहे. १९३४ साली हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत गिलेस होल्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी पहिली नळी तयार केली. फ्रान्समध्ये आंद्रे लालेमाँ या खगोलशास्त्रज्ञाने १९३६ साली याच तत्त्वावर केवळ ताऱ्यांसाठी एक 'इलेक्ट्रॉनिक कॅमेरा' मांडला. त्यात इलेक्ट्रॉन पडद्यावर न आदळता थेट छायाचित्रणाच्या काचेवर नोंदले जात. कल्पना सुंदर, पण वापर जिवावरचा: काचा निर्वात भांड्यात बंद करायच्या, रात्रभर द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवायच्या, आणि पहाटे त्या बाहेर काढण्यासाठी भांडे उघडले की प्रकाशसंवेदी थर कायमचा नष्ट. तरीही १९५९-६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या १२० इंची दुर्बिणीवर लालेमाँ, दुशेन आणि वॉकर यांनी हाच कॅमेरा लावून देवयानी दीर्घिकेच्या गाभ्याचे परिभ्रमण मोजले.

दरम्यान दुसरे महायुद्ध येऊन गेले होते, आणि त्या नळीला दुसरे धनी मिळाले होते. जर्मन सैन्याने बंदुकीवर अवरक्त दिवा आणि नळी बसवून 'व्हॅम्पायर' या नावाचे उपकरण काढले; अमेरिकन सैन्याने १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत तशाच 'स्नायपरस्कोप'चा वापर केला. डोळ्याला न दिसणारा प्रकाश समोरच्या माणसावर टाकायचा, नळीतून त्याला पाहायचे आणि गोळी घालायची.

युद्धानंतर जे घडले ते आमच्या मते या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगे वळण आहे. अमेरिकेच्या युद्धकालीन वैज्ञानिक संशोधनाची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते व्हॅनेव्हार बुश त्या वेळी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेचे अध्यक्ष होते. त्याच संस्थेतील मर्ल ट्यूव्ह यांनी युद्धकाळात तोफगोळ्यांसाठी 'प्रॉक्सिमिटी फ्यूज' बनवण्याच्या कामाचे नेतृत्व केले होते. १९५० च्या दशकात याच ट्यूव्ह यांच्या पुढाकाराने कार्नेगी संस्थेने खगोलशास्त्रासाठी इमेज ट्यूब विकसित करणारी एक समिती नेमली. आरसीए कंपनीच्या सहकार्याने अनेक वर्षे खटपट केल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी 'कार्नेगी नळी' सिद्ध झाली. तिच्यात दोन टप्पे होते; मधोमध अभ्रकाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा, एका बाजूस चकाकणारा थर आणि दुसऱ्या बाजूस पुन्हा प्रकाशसंवेदी थर. शेवटच्या पडद्याचे चित्र साध्या छायाचित्रण काचेवर टिपायचे. काच उघडी ठेवण्याचा वेळ त्यामुळे सुमारे दहा पटींनी घटला. दहा रात्रींचे काम एका रात्रीत! या नळ्या देशोदेशींच्या वेधशाळांना वाटण्यात आल्या.

समितीच्या कामात झटणाऱ्यांपैकी केंट फोर्ड हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याने नळीभोवती एक वर्णपटलेखक उभारला. १९६५ साली कार्नेगी संस्थेच्या त्याच विभागात व्हेरा रुबिन दाखल झाल्या. दोघांनी ते उपकरण ॲरिझोनातील लॉवेल आणि किट पीक येथील दुर्बिणींना जोडले आणि देवयानी दीर्घिकेतील ६७ तेजोमय वायुमेघांचे वेग मोजले. १९७० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सूर्यमालेत जसा दूरचा ग्रह सावकाश फिरतो, तशी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातही गती मंदावत जाईल, अशी स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु केंद्रापासून दूरवर जाऊनही वेग म्हणावा तसा उतरत नव्हता. त्या निबंधात दोघांनी कोणताही मोठा दावा केला नाही. पुढे १९८० साली रुबिन, फोर्ड आणि थॉनर्ड यांनी २१ सर्पिल दीर्घिकांमध्ये तेच चित्र दाखवून दिले. रेडिओ दुर्बिणींनी दीर्घिकांच्या आणखी बाहेर जाऊन त्याला दुजोरा दिला. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाने हे वेग सांभाळले जाणे शक्य नव्हते. फ्रिट्झ झ्विकी याने १९३३ साली बोलून दाखवलेला कृष्णद्रव्याचा तर्क आता टाळता येईना.

येथे क्षणभर थांबावे. आजच्या वादातला आक्षेप रुबिन आणि फोर्ड यांच्या कामास लावून पाहा. त्यांच्या काचेवर देवयानीचा एकही प्रकाशकण पोहोचला नव्हता. देवयानीचा प्रकाश पहिल्याच थरावर संपला. पुढे धावले ते इलेक्ट्रॉन, मग पडदा चकाकला, मग पुन्हा इलेक्ट्रॉन, पुन्हा पडदा, आणि काचेवर पडला तो पडद्याचा उजेड. तरीही त्यांनी देवयानीला पाहिले नाही असे कोण म्हणेल? उलट दुर्बिणीतून थेट पाहणाऱ्या हजारो डोळ्यांनी देवयानीविषयी जे कधी सांगितले नव्हते, ते या 'उसन्या' उजेडाने सांगितले. पाहण्याची कसोटी प्रकाशाच्या सोवळेपणात नसून चित्र मूळ वस्तूशी किती प्रामाणिक राहिले आणि पाहणाऱ्याने त्याला काय विचारले, यात आहे. शिवाय डोळा तरी वेगळे काय करतो? प्रकाशकण दंडपेशीत शिरताच संपतो. मेंदूकडे जातात ते विद्युत संकेत.

फोर्ड यांनी ॲरिझोनात वर्णपट घ्यावेत, आणि त्याच वर्षांत तत्त्वाने तीच असलेली नळी व्हिएतनामच्या जंगलात बंदुकीवर चढावी, असा हा काळ होता. 'स्टारलाइट स्कोप' हे तिचे नाव. तिला अवरक्त दिव्याची गरज नव्हती. एकामागे एक जोडलेल्या तीन नळ्या ताऱ्यांचा अंधूक उजेडही दिसण्याजोगा करीत. एकाच सुमारास दोन ठिकाणी ताऱ्यांचा प्रकाश नळीत शिरत होता: एका ठिकाणी तारा हेच पाहण्याचे लक्ष्य होते, दुसऱ्या ठिकाणी तारा हा केवळ माणूस टिपण्यासाठी लागणारा दिवा होता. पुढची प्रगती प्रामुख्याने लष्कराच्या पैशावर झाली. लाखो सूक्ष्म छिद्रांची काचेची चकती आली, जिच्या प्रत्येक छिद्रात एका इलेक्ट्रॉनाचे हजारो होतात. १९८० च्या दशकात गॅलियम आर्सेनाइडचा थर आला, जो गडद लाल आणि अवरक्ताच्या सीमेवरील प्रकाशालाही जागा असतो. बोटभर लांबीच्या नळीत आता जुन्या अवजड यंत्राहून अधिक ताकद मावली.

व्यावसायिक खगोलशास्त्राने मात्र तोवर नळीचा निरोप घ्यायला सुरुवात केली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ॲलेक बोक्सेनबर्ग यांनी इमेज ट्यूबला टेलिव्हिजन कॅमेरा आणि संगणक जोडून एकेक प्रकाशकण मोजणारी यंत्रणा बनवली. १९७३ पासून पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीवर तिने क्वेसारांचे वर्णपट घेतले, आणि तिच्याच वंशातला एक कॅमेरा १९९० साली हबल दुर्बिणीतून अवकाशात गेला. पण १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेला सीसीडी १९७६ साली दुर्बिणीला लागला, आणि शंभरातले ऐंशी-नव्वद प्रकाशकण पकडणाऱ्या त्या चकतीपुढे इतरांची मातब्बरी राहिली नाही. वेधशाळेतून नळी गेली, तसा नेत्रिकेला लागलेला माणूसही पुरता उठला. तो आता दुसऱ्या खोलीत संगणकासमोर बसतो.

आणि मग एक उलटी गोष्ट घडली. ज्या नळीने वेधशाळेत डोळ्याला हटवण्यास हातभार लावला, तीच हौशी निरीक्षकाचा डोळा दुर्बिणीशी परत घेऊन आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'कॉलिन्स आय-थ्री' ही नळी बसवलेली नेत्रिका विक्रीस आली. पुढे नेत्रिकांच्या रचनेसाठी ख्यातनाम असलेल्या ॲल नॅग्लर यांच्या टेलिव्ह्यू कंपनीने सैनिकांच्या शिरस्त्राणावरील पीव्हीएस-१४ हे उपकरण साध्या नेत्रिकेमागे बसवण्याचे जोडसाधन काढले. हायड्रोजनच्या लाल रेषेपुरती खिडकी उघडी ठेवणारी गाळणी लावली की शहरी आकाशाचा बहुतेक उजाळा अडतो आणि अश्वशीर्ष, जे पाहण्यासाठी जुने निरीक्षक हिवाळ्यामागून हिवाळे घालवीत, ते समोर उभे राहते. दुर्बीण बाजूला ठेवून नुसत्या नळीतून पाहिले तर मृगाला वेढणारी बर्नार्डची अजस्र कमान दिसते. वर्षानुवर्षे जे फक्त छायाचित्रात होते, ते त्या क्षणी, त्या जागी, डोळ्यासमोर असते.

या सुखाला किंमत आहे, हे नाकारू नये. चित्र एकरंगी, हिरवे वा पांढरट. त्यावर बारीक चमचमती वाळू सतत उसळत असते. जे तेजोमेघ केवळ ताऱ्याचा निळा प्रकाश परावर्तित करतात, त्यांच्यावर नळीची विशेष कृपा नाही. ग्रहांच्या बाबतीत तिचा उपयोग नाही. तिरप्या नजरेने पाहायला शिकणे, अर्धा तास अंधारात बसून डोळ्याला सरावू देणे, ही जुनी साधना मागे पडते. आणि अधिक गंभीर गोष्ट अशी, की शहराच्या गच्चीवरून तेजोमेघ दिसू लागला की अंधार नाहीसा झाल्याचे दुःख बोथट होते. मुंबईचे निरीक्षक अंधाराच्या शोधात लोकल पकडून वांगणीला जात आले आहेत. तो अंधार राखण्याची मागणी नळीवाला करीलच, असे नाही. जुन्या मंडळींच्या आक्षेपात तथ्य असेल तर ते येथे आहे, उसन्या प्रकाशकणांच्या तत्त्वज्ञानात नाही.

दुसरी किंमत कायद्याची. अमेरिकेच्या कायद्याने ही नळी आजही संरक्षणसामग्रीच्या निर्बंधांत येते. तिची निर्यात परवान्याविना होत नाही, आणि तिकडच्या एखाद्या हौशी निरीक्षकाने ती सोबत घेऊन परदेश गाठला तरी ती निर्यातच ठरते. चांगल्या नळीला काही हजार डॉलर पडतात, ते वेगळेच. आपल्याकडे १९४४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून हौशी निरीक्षणाची परंपरा आहे. आणि त्याच पुण्यात, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, १९९० साली स्थापन झालेल्या बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस या सरकारी कंपनीने अशा प्रतिमावर्धक नळ्या बनवल्या, मुख्यत्वे सैन्यासाठी. एकाच शहरात परंपरा आहे आणि नळीही आहे, पण दोघांची गाठ पडण्याची वाट रुळलेली नाही.

ती पडू शकते, हे मात्र इतिहास सांगतो. ज्यांनी युद्धासाठी फ्यूज बनवला त्यांनीच नंतर बसून ठरवले की ही नळी ताऱ्यांकडे वळवायची. त्यासाठी पैसा उभा केला, कारखानदाराला पटवले, आणि नळ्या वेधशाळांना वाटल्या. ते आपोआप घडले नव्हते. कोणीतरी समिती नेमली होती, कोणीतरी कंटाळवाण्या बैठका घेतल्या होत्या. तेव्हा 'नळीतून पाहणे म्हणजे पाहणे काय' या वादाला आमचे उत्तर होकारार्थी आहे. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न आम्हांस असा वाटतो, की ज्यांच्याजवळ प्रश्न आहेत त्यांच्या हाती नळी कशी पडावी. फोर्ड यांचा वर्णपटलेखक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्या अवजड, ओबडधोबड यंत्राने अंधारातून जे शोधून काढले, ते कोणत्याही नळीला अद्याप दिसलेले नाही. कारण कृष्णद्रव्य प्रकाशतच नाही.